साहेब, वर्गात गोंगाट होता, कारण पाऊस मोजायचा होता

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांना भेटी देणाऱ्या आणि शेरे लिहिणाऱ्या सर्व साहेबांना व मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात मी सेवानिवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, सहकाऱ्यांनी चार चांगले शब्द बोलून घेतले. त्यामुळे हे पत्र लिहायला आता सेवाशर्तींची आडकाठी नाही. पेन्शनची फाईल मात्र अजून फिरतेय, म्हणून कुणाचं नाव घेत नाही आणि कुठल्या शाळेचंही सांगत नाही. ३४ वर्षं प्राथमिक शाळेत काढली. आधी गगनबावड्याच्या बाजूला, मग राधानगरी तालुक्यात आणि शेवटची काही वर्षं करवीरमध्ये, नदीकाठच्या एका गावात.

पत्र लिहायचं कारण एक शेरा आहे. तो असा: "विद्यार्थी वर्गाबाहेर गटागटाने गोंगाट करताना आढळले. मोबाईल विद्यार्थ्यांच्या हाती दिसला. वर्गनियंत्रण आवश्यक." खाली तारीख, सही. मीही सही केली. शेरेबुकात उलट उत्तर लिहायची पद्धत नाही, म्हणून ते आता इथं लिहितेय.

त्या दिवशी नेमकं काय चाललं होतं, ते सांगते.

सातवीचा वर्ग, पट २६. पावसाळ्यात आमच्या गावात एकच विषय असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका हे आकडे आमच्या पहिलीतल्या पोरांनाही पाढ्यांच्या आधी पाठ होतात. २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला पुन्हा आलं. शाळेच्या भिंतीवर त्याची रेघ आहे. दोनदा रंग दिला, तरी ती खालून डोकावतेच. तर अशाच एका जुलैत परिपाठाला पेपरातली बातमी वाचून झाली, राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले म्हणून, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, दार तिकडं उघडलं, तर पाणी हितं कवा येतंय?"

एक पोरगं म्हणालं, संध्याकाळी. दुसरं म्हणालं, उद्या. तिसऱ्याचा मामा राधानगरीकडचा, त्यानं छातीठोक सांगितलं, परवा. तिघंही ठाम. पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं आणि गंमत अशी की एका गावात बसून ते मिळणारही नव्हतं. राधानगरीचं पाणी भोगावतीतून येतं. पण कुंभी गगनबावड्याकडून येते, तुळशी धामोडकडून, कासारी शाहूवाडीकडून. प्रयाग चिखलीला सगळ्यांची पंचगंगा होते, तेव्हा कुठं ते पाणी आमच्या बंधाऱ्यावर दिसतं. आमच्या दारात आलेलं पाणी कुणाकुणाकडून आलं, हे वरच्या गावांना विचारल्याशिवाय कळणार कसं?

माझ्या दोन जुन्या सहकारी बाई वरच्या अंगाला शिकवत होत्या, एक राधानगरी तालुक्यात, एक गगनबावड्यात. त्यांना फोन केला. ठरलं असं की तिन्ही शाळांनी रोज पाऊस मोजायचा, जवळच्या नदीची खूण बघायची आणि एकमेकांना कळवायचं. हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, हे मी मुलांना सांगितलं. शाळा भरते त्यानंतर. तेव्हा शाळेला लागून घर असलेल्या एका मुलानं ते काम अंगावर घेतलं. हा तोच मुलगा, ज्याच्या हजेरीच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं 'गै' लिहीत आले होते. आठवड्यानंतर त्याची आई भेटली. "काय लावलंय हो बाई त्येला? रविवारीबी बाटली बघाय पळतंय."

बाटली म्हणजे पाऊसमापक. थंड पेयाची बाटली, वरचं तोंड कापून उलटं बसवलेलं, बाहेरून पट्टी चिकटवलेली. सोपं काम वाटतं, पण आठवड्यात भांडण लागलं. गगनबावड्याच्या शाळेचा आकडा पेपरातल्या तालुक्याच्या आकड्याच्या चौपट येत होता. तिकडं पाऊस जास्त असतो हे मान्य, पण चौपट? माझ्या वर्गाचा निकाल दोन मिनिटांत लागला: "त्ये फेकत्यात, बाई." मी म्हटलं, मग विचारा त्यांना. दुपारच्या सुट्टीनंतर माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. व्हरांड्यात, कारण वर्गात रेंज नाही. आमच्याकडची सव्वीस डोकी त्या पडद्यात घुसली. "तुमची बाटली दावा की." तिकडून बाटली दाखवली गेली. आणि आमच्यातला एक पोरगा, ज्याचे वडील उद्यमनगरात ओतकामाच्या साच्यांचे पॅटर्न बनवतात आणि ज्याला मी तीन वर्षांत आपणहून बोलताना ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "नरसाळं बघा. नरसाळं मोठं हाय."

त्यांनी बाटलीवर घरातलं तेलाचं नरसाळं बसवलं होतं. तोंड चौदा सेंटिमीटर, बाटली सात. म्हणजे पाऊस गोळा करायची जागा मोठी, साठवायची लहान. बरं, पण नरसाळं दुप्पट रुंद, तर पाणी दुप्पट यायला हवं. चौपट का? वर्तुळाचं क्षेत्रफळ त्यांनी अजून शिकलेलं नव्हतं. फळ्यावर सूत्र लिहून टाकायला माझी जीभ शिवशिवत होती, ती आवरली. मुलांनी चौकटीच्या वहीवर तेवढ्याच तोंडाचं दुसरं नरसाळं उपडं ठेवून पेन्सिल फिरवली, शेजारी बाटलीचं तोंड, आणि चौकटी मोजायला बसली. अर्धी चौकट धरायची का नाही यावर आरडाओरड. एकानं अर्ध्या-अर्ध्या जोडून एक करायची युक्ती काढली. फोनच्या पलीकडं तीच मोजणी चालू होती आणि दोन्हीकडचे आकडे एकमेकांना ओरडून सांगितले जात होते.

साहेब, तुमची जीप त्या मिनिटाला फाटकात शिरली.

आता उरलेलं सांगते, जे तुम्ही गेल्यावर झालं. चौपट का ते निघालं. मग पलीकडची एक मुलगी म्हणाली, आता तुमची बाटली दाखवा. आमच्या बाटलीचं बूड त्या बाटल्यांचं असतं तसं, खाली पाच फुगीर पाय, मध्ये खळगा. पट्टी बुडापासून लावलेली. म्हणजे सुरुवातीचा पाऊस त्या पायांत साचत होता आणि आमचा आकडा रोज चुकत होता. त्यांनी आधीच बुडात बारीक खडे टाकून, सरळ भागापर्यंत पाणी भरून, तिथं शून्य धरलं होतं. आम्हाला ते सुचलंच नव्हतं. म्हणजे जे फेकत होते त्यांचं शून्य बरोबर होतं आणि जे हसत होते त्यांचंच चुकलेलं. वर्ग पाच सेकंद गप्प झाला. तुम्हाला हवी होती ती शांतता तेव्हा होती, पण तुम्ही पुढच्या शाळेत पोहोचला होता.

माझा राग त्या साहेबांवर नाही. एका दिवसात पाच शाळा, प्रत्येक शाळेत छापील प्रपत्र, पोषण आहाराचा साठा तपासायचा, स्वच्छतागृह बघायचं, दोन मुलांना पाढे विचारायचे. त्यांनी सतराचा पाढा विचारला, पोरगी अडखळली, टिपण झालं. सकाळपासून ती मुलगी काय करत होती हे विचारायला त्या कागदावर रकानाच नाही. तक्रार त्या रकान्याबद्दल आहे.

तुमच्याच कागदांतली एक गोष्ट दाखवते. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे मुलाचं वर्षभर सतत करायच्या मूल्यमापनाची, आठ साधनतंत्रं आम्ही २०१० पासून भरतोय. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि आठवं 'इतर'. गटकार्य कुठं आहे? 'इतर'मध्ये, सहाध्यायी मूल्यमापनाच्या शेजारी. प्रशिक्षणात आम्हाला सांगतात की एकविसाव्या शतकाचं कौशल्य म्हणजे सहकार्य, आणि नोंदवहीत त्याला जागा भाकरीच्या टोपलीतल्या चुऱ्याइतकी.

उलट शाळेत आपण पहिल्या दिवसापासून शिकवतो काय? "दुसऱ्याचं बघून लिहू नको." पोरं कंपासपेटी उभी करून आडोसा करतात, डावा हात वहीवर आडवा, मान खाली. चौथीपर्यंत ही सवय इतकी पक्की होते की पाचवीत गट करून बसवलं तरी हात वहीवर आडवाच राहतो. मग आपण म्हणतो, आमच्या मुलांना गटात काम जमत नाही. जमेल कसं? तालमीत कुणी असं शिकवतं का? गंगावेशला किंवा मोतीबागेत सकाळी जाऊन बघा. नवं पोरगं हौद्यात उतरलं की जुना पैलवान त्याला अंगावर घेतो, डाव टाकून दाखवतो, मग त्याच्याकडून स्वतःवर टाकून घेतो. जोड नसेल तर पैलवान तयार होत नाही. वस्ताद कट्ट्यावर बसून बघत असतो आणि मोजकं बोलतो. शड्डूचा आवाज ऐकून तालमीत गोंगाट आहे असा शेरा कुणी मारत नाही.

पण गटात बसवलं की मुलं एकत्र शिकतात, असंही नाही. हे मला कबूल करायला हवं, कारण पंधरा-वीस वर्षं मी तेच करत होते. पाच-पाचचे गट, प्रत्येकाला एक चार्ट पेपर, एक गटप्रमुख. गटप्रमुख नेहमी तीच हुशार मुलगी. ती लिहिणार, दुसरी चित्र काढणार, तीन मुलगे स्केचपेनची टोपणं उडवत बसणार. शेवटी चार्ट भिंतीवर, फोटो ग्रुपवर, शाबासकी. आणि चार्टवर काय लिहिलंय हे विचारलं तर त्या एकीलाच माहीत.

यातून बाहेर काढलं ते एका प्रशिक्षणात कळलेल्या पद्धतीनं. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली एलियट ॲरॉन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ती काढली. तिथं गोऱ्या, काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या. एका वर्गात बसवली तशी मुलं एकमेकांशी वागेनात, भांडणं वाढली. ॲरॉन्सननं धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, आणि दुसऱ्याचा तुकडा त्याच्याकडून ऐकल्याशिवाय कुणालाच पूर्ण धडा कळणार नाही. ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्याजवळ आता सगळ्यांना हवी अशी गोष्ट होती. चित्राचे तुकडे जुळवायचा खेळ असतो ना, तसं.

हे वाचलं तेव्हा मला कोल्हापूर आठवलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण दर जूनमध्ये जयंतीच्या भाषणांत सांगतो. १९१९ चा हुकूम मात्र भाषणांत कमी येतो. अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचं, असा तो हुकूम. एका छताखाली बसवायचं काम महाराजांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी करून ठेवलं. छताखाली बसल्यावर एकमेकांची गरज लागावी, ही पुढची पायरी आपली होती. मी माझ्यापुरतं सांगते, चौतीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांना शेजारी बसवलं, पण एकमेकांची गरज लागेल असं काम फार थोडं दिलं.

पहिल्यांदा तुकडे वाटले तेव्हाही माझा फज्जा उडाला. वाचनात मागं असलेल्या मुलाला 'पाण्याचं बाष्पीभवन' हा तुकडा आला. तो अडखळायला लागला, गटातली बाकीची चुळबुळायला लागली. एकीनं सरळ त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. मुलगा कानकोंडा झाला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मग कळलं की पद्धतीतली मधली पायरी मीच गाळली होती. एकच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसतात, तो तुकडा आपसात पक्का करतात, आणि मगच आपापल्या गटात जाऊन सांगतात. पुढच्या खेपेला तसं केलं. त्या मुलानं अडखळतच सांगितलं, पण सांगितलं. आणि मधेच म्हणाला, "आमच्या घरी गुऱ्हाळ हाय. काहिलीतनं रस आटतो, त्ये बाष्पीभवनच की." कागद ओढणाऱ्या मुलीनं वहीत लिहून घेतलं.

पाऊस मोजायच्या कामात हे सगळं न सांगता घडत होतं. प्रत्येक शाळेकडं एकच तुकडा. राधानगरीच्या मुलांनी आकडा पाठवला नाही तर आमची वही अर्धी. एकदा तिकडं दोन दिवस लाईट नव्हती, फोन बंद, तेव्हा आमची पोरं चातकासारखी बसली होती.

आता मोबाईलबद्दल. जग जोडलं गेलंय असं आपण म्हणतो आणि लगेच शाळेला स्मार्ट टीव्ही मिळाला का हे विचारतो. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून टीव्ही आला. उद्घाटन झालं, फीत कापली. त्यावर मुलं कविता बघतात, पाठ बघतात, हाताची घडी घालून. खडूच्या जागी पडदा आला, घडी तीच. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर हे उघडंच पडलं. ज्या घरात एकच फोन आणि तीन भावंडं, तिथं फोन वडिलांबरोबर कामावर जायचा. ज्यांच्याकडं होता त्यांना आम्ही रोज स्वाध्यायाचे फोटो पाठवायचो आणि ती पूर्ण करून फोटो परत पाठवायची. वर्गातली कुणीही दोन मुलं त्या काळात अभ्यासासाठी एकमेकांशी बोलली असतील असं मला आठवत नाही. सगळे तारेनं माझ्याशी जोडलेले, एकमेकांशी कुणीच नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचे हार पडले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, हे सर्वांनी उचललं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकला, हे पेपरात वाचलं आणि विसरलो. तणाव असलेल्या देशांतल्या मुलांची त्यांनी एकमेकांशी ओळख करून दिली, ते तर कुणी उचललंच नाही. कोड चिकटवणं सोपं असतं. दुसऱ्या गावच्या पोराशी बोलायला आपल्या पोराला मोकळं सोडणं अवघड, कारण तो काय बोलेल हे आधी पाठाच्या टाचणात लिहिता येत नाही.

आणि याला इंटरनेट लागतंच असंही नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक गावशाळेतला मास्तर होता. १९२० च्या दशकात त्यानं वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या गावाबद्दल लिहायची, स्वतः खिळे जुळवून छापायची आणि ती पानं देशाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्रकाठच्या शाळेला पाठवायची. तिकडून उत्तरं यायची. ज्यांनी समुद्र पाहिला नाही ती मुलं समुद्राबद्दल प्रश्न विचारायची, आणि ज्यांनी डोंगर पाहिला नाही ती डोंगराबद्दल. आपल्याकडं पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. लाईट गेली तेव्हा आमच्या मुलांनी राधानगरीला पोस्टकार्डं टाकली. उत्तर सहा दिवसांनी आलं, पोस्टमन वर्गाच्या दारात उभा, आणि सव्वीस पोरं जाग्यावरून उठलेली. तुम्ही तेव्हा आला असता तर पुन्हा वर्गनियंत्रणाचा शेरा होता.

मोबाईलचा धोका मला कळतो. मुलांच्या हातात नुसता फोन देऊन सोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्याकडं फोन माझा असायचा, मी शेजारी असायचे, कॉल शाळेपासून शाळेला. पण एक विचारते, रागावू नका. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो सगळ्यात जास्त कुठं फिरतात? उपक्रम झाला की दहा मिनिटांत वेळ-ठिकाणाचा शिक्का असलेला फोटो ग्रुपवर टाका, लिंक भरा, नाहीतर अनुपालन शून्य. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. आधी ग्रुपवरचे फोटो थांबवूया, मग मुलांच्या हातातल्या फोनबद्दल बोलू. शिवाय फोटो काढायचा म्हटलं की काम थांबतं. मुलं नरसाळं सोडून कॅमेऱ्याकडं बघतात.

माझं मागणं फार नाही आणि पैशाचं तर नाहीच.

शनिवारची सकाळची शाळा आहे, 'आनंददायी शनिवार'ही आहे. त्यातले महिन्याचे दोन शनिवार कुठलाही दिन, सप्ताह, रॅली, शपथ न घालता शाळांच्या हाती ठेवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, तेही त्याला जोडता येतील. त्याच धोरणात एका सरकारी शाळेची एका खासगी शाळेशी जोडी लावायची सूचना आहे. ती चांगली आहे, पण आपल्या जिल्ह्यात मी जोडी वेगळी लावेन, नदीच्या वरची शाळा आणि खालची शाळा. किंवा उसाच्या गावची शाळा आणि साखर कारखान्याशेजारची. किंवा चप्पल शिवणाऱ्या गल्लीतली आणि कातडं कमावणाऱ्या वस्तीतली. ज्यांच्याकडं एकमेकांचा तुकडा आहे, त्यांनाच जोडा. नाहीतर जोडशाळा म्हणजे दोन मुख्याध्यापक, एक पुष्पगुच्छ आणि एक बॅनर, हे मी पुष्कळ पाहिलंय.

भेटीच्या प्रपत्रात एक प्रश्न घाला: 'या महिन्यात मुलांनी दुसऱ्या शाळेला कोणता प्रश्न विचारला?' उत्तर कोरं असलं तरी चालेल, नोटीस नको. आणि पाढा विचारण्याआधी एखाद्या मुलाला एवढंच विचारा, "काय चाललंय रे?" ते पोरगं तुमचा अर्धा तास खाईल, तेवढा वेळ घेऊन या. वाटल्यास त्या दिवशी पाच ऐवजी दोनच शाळा करा.

पालकांबद्दल दोन ओळी. ती बाटली बघायला पळणाऱ्या मुलाची आई पुढं स्वतःच पाऊस बघायला लागली. "आज लई पडला, बाई, पट्टी संपली." त्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही. मिलिमीटर म्हणजे काय हे तिला मुलानं समजावलं: एक मीटर लांब, एक मीटर रुंद अंगणात एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. तिनं मग अंगण पावलांनी मोजून सांगितलं, आमच्यात एवढ्या घागरी पडल्या. हे मी टाचणात कुठल्या अध्ययन निष्पत्तीखाली लिहू, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि तो मूळ प्रश्न, पाणी कधी येतं? तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या. दर खेपेला उत्तर वेगळं. पहिल्या वर्षी मुलं वैतागली. दुसऱ्या वर्षी एकीनं वहीची दोन पानं शेजारी धरली. ज्या दिवशी गगनबावड्यातही जोर होता, त्या वेळी आमच्याकडची पातळी लवकर चढली होती. भोगावतीचं पाणी यायच्या आत कुंभीनं नदी भरून ठेवली होती. मग प्रश्न बदलला. आता मुलांना खालचं माहिती करून घ्यायचंय. आपलं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत कधी मिळतं, आणि कृष्णेला आधीच फुगवटा असेल तर आपलं पाणी तुंबतं का? वडीलधारी मंडळी पारावर बसून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावानं बोटं मोडतात. पोरांना बोटं मोडायची नाहीत, आकडे हवेत.

त्यासाठी शिरोळ तालुक्यातली, संगमाजवळची एक शाळा हवी आहे. मी निवृत्त झाले तरी जोड लावून द्यायचं कबूल करून आलेय. दोन-तीनदा तोंडी विचारलं, 'वरून पत्र आल्याशिवाय नको' असं उत्तर आलं. तुमच्यापैकी कुणाचा तिकडं बीट, म्हणजे तपासणीचा भाग, असेल तर एखाद्या बाईंचा किंवा गुरुजींचा नंबर शाळेत कळवा. बाटली, पट्टी आणि खडे आमच्याकडून पाठवू. नरसाळं नको म्हणून सांगा. वही सातवीच्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे, निळ्या पुठ्ठ्याची, आणि या जूनपासून साडेआठची नोंद करायला सहावीतली एक मुलगी तयार आहे. तिचं घरही शाळेला लागून आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर